तो वाकला कुणाला?

टोकियोत मेट्रोच्या ओतेमाची स्टेशनला आईची व्हीलचेअर डब्यातून बाहेर आली, स्टेशनवरच्या त्या पोराने खुर्ची उतरवायच्या फळीची घडी करून काखेत मारली आणि मग डब्यातल्या लोकांकडे तोंड करून कमरेत वाकला. दार लागलं, गाडी गेली. आई मान वळवून बघत होती. म्हणाली, "अगं, तो वाकला कुणाला?" मी म्हटलं, गाडीतल्या लोकांना, थांबावं लागलं ना त्यांना. "किती थांबावं लागलं?" फार तर अर्धा मिनिट. "म्हणजे माझ्यामुळे माफी मागितली त्याने." प्रश्न नव्हताच तो. मी लिफ्टचा बाण शोधून खुर्ची तिकडे वळवली, आम्ही राजवाड्याच्या बागेत गेलो, अझेलियाची फुलं बघितली, फोटो काढले, आणि विषय तिथे संपला असं मी धरून चालले. तिच्या डोक्यातून तो गेला नाही आणि आता माझ्याही जात नाही.

आमचं स्टेशन निशी-कासाई, तोझाई लाईनवरचं, टी-16. जपानातल्या मराठी माणसांना याची ओळख करून द्यायची गरज नाही, निम्म्यांनी इथूनच सुरुवात केलेली असते. 2000 च्या आसपास वाय-टू-केच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधला 2000 सालच्या तारखांचा घोळ निस्तरायच्या, कामाला इंजिनियर आले, ओतेमाची-निहोम्बाशीच्या ऑफिसांना इथून थेट गाडी, आणि चालत जाण्याच्या अंतरावर यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या मोठमोठ्या इमारती, जिथे घर घ्यायला जामीनदार लागत नाही आणि परदेशी म्हणून कोणी तोंड वाकडं करत नाही. मग किराणा आला, कढीपत्ता आला, तूरडाळ आली, आणि 2019 मध्ये आपल्या योगेंद्र पुराणिकांना याच एदोगावा वॉर्डाने नगरसेवक म्हणून निवडून दिलं. नावाला भुयारी रेल्वे, पण इथे ती पुलावरून जाते. खाली दुकानं, बेकरीचा गोड वास आणि दोन पावलांवर सोबा नूडल्सच्या रश्श्याचा खारट धुरकट वास, मध्येच कोणाच्या तरी डब्यातली फोडणी, वर एकच प्लॅटफॉर्म आणि दोन्ही बाजूंना रूळ. दुपारची रॅपिड इथे थांबत नाही, ती धडधडत निघून जाते आणि तिच्या वाऱ्याने सगळ्यांचे केस एकाच बाजूला उडतात. 1979 चं स्टेशन आहे, देखणं वगैरे अजिबात नाही. मला मात्र खूप आवडतं, संध्याकाळी उतरून जिन्यावर आलं की खांदे आपोआप खाली येतात.

आई पहिल्या दिवशी वर आली आणि म्हणाली, पक्षी कुठे आहे? जिन्यापाशी पाखराचा आवाज येत होता. स्पीकर आहे आई तो, ज्यांना दिसत नाही त्यांना जिना कुठे आहे ते कळावं म्हणून. ती थोडा वेळ ऐकत बसली, मग म्हणाली, "आपल्याकडे टीं टीं वाजतं तसं." मला एक क्षण कळेना, मग आठवलं, मुंबईच्या प्लॅटफॉर्मवर अपंगांचा डबा जिथे येतो तिथे वाजणारा तो बीप. वर्षानुवर्षं त्या बीपच्या आजूबाजूला उभी राहून मी कॉलेजला गेले आणि एकदाही हा विचार केला नाही की हे कोणासाठी तरी वाजतंय. गर्दीत आपली जागा शोधायची खूण एवढाच त्याचा उपयोग. बीपच्या पुढे चार पावलं, तिथे आपला लेडीज.

आईचं अख्खं नोकरीचं आयुष्य लोकलमध्ये गेलं. ठाण्याच्या पुढून व्हीटी, सकाळची फास्ट, सीट पाहिजे तर आधी डाऊन जाऊन त्याच गाडीने परत, चौथी सीट, मांडीवर पर्स आणि पर्सवर गवार निवडायला. डब्यातच हळदीकुंकू, डब्यातच डोहाळजेवण. ती ज्या पुलावरून रोज चढली-उतरली त्या पुलानेच तिचे गुडघे खाल्ले असं ती सांगते आणि डॉक्टर वयाचं कारण सांगतात, मला दोन्ही खरं वाटतं. रिटायर झाल्यावर ती हळूहळू लोकलमधून बाहेर पडली. आधी फास्ट सोडली, मग गर्दीची वेळ सोडली, मग दादरला जाणं सोडलं, आणि एक दिवस बहिणीच्या नातीच्या बारशाला "बरं नाही" म्हणून कळवलं. बरं होतं तिला. पूल होता मध्ये.

म्हणून इथे येताना मी आधीच ठरवलं होतं की खुर्ची भाड्याने घ्यायची. घरात आणि अंगणात ती काठीने चालते, लांब जायचं तर खुर्ची. तिने पहिले दोन दिवस तोंड फुगवलं, मी काय लुळी आहे का म्हणून. तिसऱ्या दिवशी ग्योसेन पार्कमधल्या फुकटच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात लाल पांडा बघून आली आणि खुर्चीशी तिचं थोडं जमलं.

आता ती फळीची पद्धत सांगते, कारण मला स्वतःला ती इतकी वर्षं इथे राहून नीट माहीत नव्हती. गेटपाशी खिडकीत सांगायचं, कुठे जायचंय. तो माणूस फोन करतो, कुठल्या नंबरचा डबा, कितवं दार. इथे प्रत्येक दाराचा नंबर प्लॅटफॉर्मवर लिहिलेला असतो आणि गाडी त्या नंबरवरच थांबते, दहा डबे, प्रत्येक डब्याला चार दारं. मग लिफ्टने वर. तो फळी घेऊन आपल्याबरोबर उभा राहतो, खुर्चीच्या थोडा मागे, गप्प. गाडी आली की आधी उतरणाऱ्यांना उतरू देतो, फळी टाकतो, पायाने एकदा दाबून बघतो, मग खुर्ची आत. स्पीकरवर सांगतात की प्रवाशाला चढवायचं काम चालू आहे, काम झालं की झालं म्हणूनही सांगतात, तोपर्यंत गार्ड दार लावत नाही. आणि पलीकडच्या स्टेशनवर गाडी थांबते तेव्हा दाराच्या काचेबाहेर बरोब्बर समोर दुसरा माणूस दुसरी फळी घेऊन उभा. आईला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा तिने माझा हात धरला. "याला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, मघाशी त्याने फोन केला ना. "आपल्यासाठी?" हो, आपल्यासाठी. ती एकदम गप्प झाली आणि मग तिचे डोळे भरले, मी दुसरीकडे बघितलं.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना हौसेने सांगते. पुढची सांगताना जरा अडखळायला होतं.

ओतेमाचीहून आल्यावर आईने बेसनाचे लाडू केले. दुसऱ्या दिवशी डबीत चार घालून बरोबर घेतले, फळीवाल्या मुलाला द्यायला. ओतेमाचीचा नाही, आमच्या निशी-कासाईचा, बारीक चष्म्याचा, जेमतेम पंचविशीतला असेल. तो नव्हता. दुसरे एक गृहस्थ होते, केस पांढरे, तेवढ्याच मनापासून सगळं केलं, पायाने फळी तशीच दाबून बघितली. आईने डबी पुढे केली तर त्यांनी दोन्ही हात हलवून, हसून, वाकून, पुन्हा वाकून नको म्हटलं. तिने परत पुढे केली. ते परत वाकले. मी मध्ये पडले, आई राहू दे, त्यांना चालत नाही ड्युटीवर. डबी तिने पिशवीत ठेवली आणि अख्खा प्रवासभर ती खिडकीबाहेर बघत होती. नदीवरचा तो लांब पूल आला, लांबवर स्कायट्री टॉवर दिसला, मी बोट दाखवलं, तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं. पूल संपून गाडी जमिनीखाली शिरली तेव्हा म्हणाली, "घ्यायचं नाही काही, बोलायचं नाही, नाव सांगायचं नाही. आणि वर माझ्यासाठी माफी मागायची. मग माझं ओझं उतरणार कसं?"

मला तेव्हा ती हट्टीपणा करतेय असं वाटलं. तिला मी समजावत होते की इथे माफी ही रोजची गोष्ट आहे, गाडी दोन मिनिटं लेट झाली तरी मागतात. याच पुलावर 1978 च्या फेब्रुवारीत वावटळीने चालत्या गाडीचे डबे आडवे केले होते, म्हणून अजूनही जोराचा वारा सुटला की गाड्या हळू करतात, आणि तेव्हाही स्पीकरवर माफी मागतात. वाऱ्यामुळे झालेल्या उशिराची माफी! आई म्हणाली, "वाऱ्याला काही वाटत नाही. मला वाटतं."

यावर मला उत्तर नव्हतं.

मुंबईत असतं तर काय झालं असतं याचा विचार मी बराच केला. इथल्या आपल्या लोकांत ही चर्चा सुरू झाली की ती एकाच रुळावरून जाते, इकडे सिस्टीम आहे, तिकडे माणुसकी आहे, आणि सगळे माना डोलावतात. मला ते पटत नाही. मुंबईत चार हात पुढे आले असते हे खरं, खुर्चीसकट उचललं असतं, "सावकाश आजी" म्हणाले असते, कुठे उतरायचं विचारलं असतं आणि एखादीने सूनबाईंची चौकशीही केली असती. पण ते चार हात रोज आले असते का? आई बारशाला गेली नाही तेव्हा ते हात कुठे होते? 2014 साली घाटकोपरला कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात गाडी आणि प्लॅटफॉर्मच्या फटीत गेले, मग कोर्टाने कान धरला, मग प्लॅटफॉर्मची उंची वाढवायचं काम जोरात सुरू झालं. लोकांनी त्या मुलीला धावत जाऊन उचललंच होतं. माणुसकी होतीच तिथे. फट पण होती.

आणि इथलं सगळं आपोआप झालंय हेही खोटं. आई जायच्या आधी मी रात्री बसून वाचत होते. 1977 मध्ये टोकियोशेजारच्या कावासाकीला सेरेब्रल पाल्सी असलेली माणसं व्हीलचेअर घेऊन बसमध्ये शिरली आणि उतरेनात, कारण कंपन्या सांगत होत्या की सोबत मदतनीस असल्याशिवाय चढायचं नाही. बसेस अडकल्या, प्रवासी चिडले, लोकांना त्रास देणारे म्हणून त्यांना शिव्या बसल्या. या देशात दुसऱ्याला त्रास होऊ न देणं लहानपणापासून अंगात मुरवतात, त्या देशात ही माणसं ठरवून त्रास द्यायला निघाली. ज्यांचं बोलणं अनोळखी माणसाला पटकन समजतही नाही, ती माणसं. अंधांना पायाने वाट कळावी म्हणून प्लॅटफॉर्मवर असतात त्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा मियाके सेइइची नावाच्या माणसाने 1965 मध्ये शोधून काढल्या, 1967 मध्ये ओकायामाला पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या, आणि त्याच फरशा आज आईच्या स्टेशनवरही आहेत, फेरीवाल्याच्या टोपलीखाली का असेना. पण फरशीचा शोध लागल्यावरही सगळीकडे पोचायला वेळ गेला. 1973 मध्ये टोकियोतल्या ताकादानोबाबा स्टेशनवर एक अंध माणूस प्लॅटफॉर्मवरून पडून गाडीखाली गेला, तिथे या फरशा बसवलेल्या नव्हत्या, घरच्यांनी रेल्वेवर केस केली, ती वर्षानुवर्षं चालली. स्टेशनांवर लिफ्ट वगैरे करायचा कायदा आला तो 2000 साली. म्हणजे कावासाकीच्या बसमध्ये जी पंचवीस वर्षांची होती ती तोवर पन्नाशीकडे आली होती.

कायदा आला तरी सगळं मिटलं असं नाही. 2021 मध्ये व्हीलचेअर वापरणारी एक लेखिका अतामीजवळच्या किनोमिया स्टेशनला निघाली होती. तिथे लिफ्ट नाही, कर्मचारीही नसतात. तिला आधी नाही म्हटलं, ती अडून बसली, शेवटी अतामीच्या स्टेशनवरची माणसं आली आणि त्यांनी खुर्ची उचलून नेली. तिने हे सगळं लिहिलं तेव्हा इंटरनेटवर लोक तिच्यावर तुटून पडले. आधी कळवायला काय झालं होतं, एवढी माणसं राबली तर आभार मान ना गपगुमान. मी त्या कमेंट्स वाचत होते आणि मला सारखं आईच्या त्या डबीतले लाडू दिसत होते. आई तर आभारच मानायला निघाली होती, कोणी न मागता. म्हणजे खुर्चीत बसलेल्या बाईने नेहमी आभाराच्या तयारीत राहायचं, आणि नाही राहिली तर काय होतं ते या दुसरीने बघितलं. तो फळीवाला वाकतो त्यात त्याचा दोष काहीच नाही, त्याला शिकवलंय तसं तो करतो आणि फार चांगलं करतो, मला त्या पोराबद्दल माया वाटते. पण ते वाकणं बघून डब्यातल्या लोकांना काय समजत असेल? की थांबायला लागलं ते यांच्यामुळे. सकाळी आठ वाजता याच लाईनवर शेकडो माणसं दारात अडकतात, पाठीवरची सॅक आत ओढतात, दार परत उघडतं, परत लागतं, उशीर होतो, त्यातल्या कोणा एकाकडे बोट करून कोणी माफी मागत नाही. कोविडच्या आधी किबा ते मोंझेन-नाकाचो या टप्प्यात सकाळी क्षमतेच्या 199 टक्के गर्दी असायची, देशात सगळ्यात जास्त. 2019 च्या जानेवारीत तर मेट्रोने सांगितलं होतं, सकाळी लवकर जाणारे तीन हजार लोक झाले तर सगळ्यांना सोबा आणि तेंपुरा फुकट. गर्दी करणाऱ्यांची केवढी मनधरणी! आणि अकरा वाजता, रिकाम्या डब्यात, माझ्या आईसाठी अर्धा मिनिट.

तिच्या शेवटच्या आठवड्यात मी तिला एक गोष्ट सांगितली. घरीच, भाजी चिरताना. म्हटलं, आई, तुला माहितीये, 2023 पासून इथे तिकिटामागे दहा येन जास्त घेतात. लिफ्ट, प्लॅटफॉर्मवरची दारं, असल्या कामांसाठी. सगळ्यांकडून. माझ्याकडून, दप्तर घेऊन ऑफिसला जाणाऱ्या माणसाकडून, तुझ्याकडून पण. तिने सुरी खाली ठेवली. "माझ्याकडून पण?" हो, तू कार्ड लावतेस ना गेटला, त्यात येतात ते. "प्रत्येक वेळी?" प्रत्येक वेळी. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही, मग उठून स्वतः चहा टाकला, जो ती माझ्या किचनमध्ये कधी टाकत नाही, बटणं कळत नाहीत म्हणून. मला वाटलं होतं ती म्हणेल, हे बरंय बाई, उपकार नकोत कोणाचे. तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "दहा येन म्हणजे आपले पाच-सहा रुपये. आपल्याकडे कोणी नाही म्हणणार नाही एवढ्याला. कोणी विचारलंच नाही कधी."

त्यानंतर ती दोनदा बाहेर गेली माझ्याबरोबर. त्या चष्म्यावाल्या मुलाशी परत गाठ पडली. या वेळी लाडू नव्हते. ती त्याला मराठीत म्हणाली, "कसा आहेस रे? जेवलास का?" त्याला अर्थातच कळलं नाही, पण तो हसला, अगदी तोंडभर, आणि खाली वाकून तिच्या पायावरची शाल सरकली होती ती नीट केली, चाकात अडकू नये म्हणून. ओतेमाचीला पलीकडचा माणूस डब्याकडे बघून वाकला तेव्हा आईनेही डब्यात बघितलं, सरळ, ताठ बसून. एक बाई फोनमध्ये होती, एक शाळकरी मुलगा आईकडेच बघत होता. आईने त्याला हात केला. त्यानेही केला.

परत गेल्यापासून तिचं वेगळंच सुरू आहे. तिच्या स्टेशनवर लिफ्ट आहे, पण बरेचदा बंद असते, आणि ती मी कुठलं स्टेशन ते लिहू नये म्हणाली कारण प्रकरण चालू आहे. आधी ती चौकशीच्या खिडकीत गेली, मग मास्तरांकडे, तिथे तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, "काकू तुम्ही कशाला त्रास घेता, आम्हाला सांगायचं, पोरं उचलून नेतील" म्हणाले. ती म्हणाली, मला उचलून घ्यायचं नाहीये, लिफ्ट चालू करा. आता सोसायटीतल्या आणखी तिघी तिच्याबरोबर जातात, एकीचं ऑपरेशन झालंय, एकीचा नातू खुर्चीत आहे, तिसरी आपली अशीच सोबतीला.

गेल्या रविवारी फोन आला, लेखी अर्ज करतेय, तारखा सांग. दहा येन कधीपासून? 18 मार्च 2023. ते बसमध्ये शिरले ते? 1977. त्यांचा कायदा? 2000. "आणि आपला?" दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे आई, आणि सुगम्य भारत अभियान त्याच्या आदल्या वर्षी, 2015 च्या डिसेंबरला सुरू झालं. ती सावकाश लिहून घेत होती, मध्येच पेन झटकल्याचा आवाज येत होता. मग सगळा अर्ज वाचून दाखवला, दोन पानी, रेल्वेच्या माणसाला जपानची गोष्ट कशाला असं मला वाटलं पण मी बोलले नाही. शेवट आला तसं म्हणाली, "खाली 'तसदीबद्दल क्षमस्व' लिहायची पद्धत आहे. ते मी लिहिणार नाहीये." मी म्हटलं, नको लिहूस. सोमवारी चौघी मिळून गेल्या आणि अर्ज देऊन आल्या. पोच घेतलीये, शिक्का मारून.